तिसऱ्या क्रमांकाची उडी

लांब उडीत खेळाडू कितीही मागे पडला तरी त्याच्या नावावर काही ना काही अंतर जमा होतं. स्की जंपिंगमध्ये गुण शून्याच्याही खाली जाऊ शकतात. १७ फेब्रुवारी १९९८ रोजी जपानमधल्या हाकुबा या डोंगराळ गावी नागानो ऑलिंपिकची पुरुषांची सांघिक स्की जंपिंग स्पर्धा चालू होती. जपानच्या चौघांपैकी तिसरा खेळाडू मासाहिको हाराडा पहिल्या फेरीत ७९.५ मीटरवर उतरला. टेकडीवरचं ठरलेलं अंतर १२० मीटर होतं. त्या खुणेवर उतरणाऱ्याला ६० गुण, आणि तिथून पुढे किंवा मागे प्रत्येक मीटरला १.८ गुण जास्त किंवा कमी. हाराडा साडेचाळीस मीटर मागे राहिला, म्हणजे साठातून ७२.९ वजा झाले. अंतरासाठी त्याला मिळालेले गुण होते उणे १२.९.

आपल्याच देशात, हजारो प्रेक्षकांसमोर ही उडी पडली होती. चार वर्षांपूर्वी नॉर्वेतल्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये जपानचं सांघिक सुवर्णपदक ज्या एका उडीने गेलं, तीही हाराडाचीच होती.

हा खेळ मुळात एकट्याचा. उंचावरच्या आडव्या दांड्यावर बसलेल्या खेळाडूला कोणी पास देत नाही, कोणी आधार देत नाही. मग अशा खेळात संघ कुठून येतो? या प्रश्नाचं सगळ्यांत पूर्ण उत्तर मला लिलेहामर आणि हाकुबा इथल्या दोन दिवसांत सापडतं.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्या संगमेश्वर तालुक्यात बर्फ पडत नाही. शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या काठच्या माणसाला उतार ठाऊक आहेत, बर्फाचे उतार नाहीत. त्यामुळे टीव्हीवर हा खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, माणूस डोंगरावरून आकाशात फेकला जातोय. तसं होत नाही. खेळाडू उंच मनोऱ्यावरच्या घसरणीवरून खाली येतो. मोठ्या टेकडीवर त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास पोचतो. घसरण जिथे संपते ती कड वर उचललेली नसते, उलट दहा-अकरा अंशांनी खालीच झुकलेली असते. त्या कडेवर, सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेळात, त्याला पायांनी जोर द्यायचा असतो. जोर जरा आधी दिला तर तो हवेत अडखळतो, उशिरा दिला तर उडीच वाया जाते. त्यानंतरचे चार-पाच सेकंद तो जमिनीपासून फार उंच नसतो. खालचा उतारही त्याच्याबरोबर खाली जात असतो. आंबा घाटाच्या कड्यावरून सुटलेली घार पंख न हलवता उताराच्या अंगाअंगाने खाली सरकत जाते, तसा तो जातो. म्हणूनच सव्वाशे मीटर हवेतून येऊनही तो दोन पायांवर उतरू शकतो. उताराची आणि उड्डाणाची रेषा एकमेकींना फार मोठ्या कोनात छेदत नाहीत, त्यामुळे जमिनीचा धक्का सोसण्याइतका राहतो.

हवा ही इथे अडचणही असते आणि आधारही. समोरून येणारा वारा उचलून धरतो, पाठीमागून येणारा खाली दाबतो. हे उलटं वाटेल, पण विमानंही वाऱ्याच्या तोंडावरच उडतात. १९८० च्या दशकात स्वीडनचा यान बोकलोव्ह स्कींची पुढची टोकं फाकवून, इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार करून उडू लागला. तोवर बहुतेक सगळे दोन्ही स्की समांतर ठेवत. पंचांना त्याची ढब आवडेना आणि ते त्याचे गुण कापत राहिले. तरीही १९८८-८९ च्या मोसमाचा विश्वचषक त्याने जिंकला, कारण फाकलेल्या स्कींखाली आणि त्यांच्या मधल्या शरीराखाली हवा जास्त धरली जाते आणि अंतर वाढतं. १९९२ च्या आल्बेरव्हील ऑलिंपिकमध्ये फिनलंडचा १६ वर्षांचा टोनी निएमिनेन याच पद्धतीने सुवर्णपदकं जिंकून गेला, आणि वाद संपला.

हवेची ही ताकद अंगावरच्या कपड्यातूनही मिळते. म्हणून सूटचं माप, कापड, शिवण यांवर सेंटिमीटरचे नियम आहेत. मार्च २०२५ मध्ये ट्रोनहाइमच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत यजमान नॉर्वेच्या चमूने सूटच्या आत नियमबाह्य टणक धागा शिवल्याचं उघड झालं. त्यांच्या दोन खेळाडूंना मोठ्या टेकडीच्या वैयक्तिक स्पर्धेतून बाद करण्यात आलं, आणि त्यांतल्या एकाचं रौप्यपदक गेलं. ज्या देशात हा खेळ जन्मला त्याच देशात हे घडावं, याचं नॉर्वेजियन लोकांना किती वाईट वाटलं असेल याची कल्पना करता येते.

अंतराच्या गुणांना पंचांचे गुण मिळवले जातात. पाच पंच, प्रत्येकाकडे २० गुण. उड्डाणातली स्थिरता ते पाहतात आणि उतरण्याची पद्धतही पाहतात. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकवलेले आणि हात पसरलेले, असं उतरावं लागतं. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण सोडून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात. म्हणजे ढबीचे जास्तीत जास्त गुण ६०.

सांघिक स्पर्धेत चौघे उडतात, दोन फेऱ्यांत, आणि गुणांची बेरीज होते. बेरीज म्हटलं की सोपं वाटतं. पण ती कशाची करायची, यावर खेळाचा स्वभाव ठरतो. जागतिक अजिंक्यपदात पुरुषांची सांघिक स्पर्धा १९८२ पासून आहे. पहिली ओस्लोत झाली आणि नॉर्वेने जिंकली. ऑलिंपिकमध्ये ती १९८८ ला कॅलगरीत आली, तिथे मात्ती न्युकानेनच्या फिनलंडने सुवर्ण घेतलं. त्या काळी प्रत्येक फेरीत चौघांपैकी चांगल्या तिघांचेच गुण धरत. एकाचा दिवस वाईट असला तर त्याची उडी बाजूला पडायची आणि संघाला काही लागायचं नाही. १९९२ च्या आल्बेरव्हीलमध्येही हीच पद्धत होती. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये मात्र चारही उड्या मोजल्या गेल्या. दोन फेऱ्या, आठ उड्या, आठही हिशोबात. या बदलाची किंमत सर्वांत आधी हाराडाने मोजली.

२२ फेब्रुवारी १९९४. जपानच्या संघात जिन्या निशिकाता, ताकानोबू ओकाबे, नोरिआकी कासाई आणि शेवटी हाराडा. सात उड्या झाल्या तेव्हा जपान खूप पुढे होता. निशिकाताने दुसऱ्या फेरीत १३५ मीटरची उडी घेतली होती. जर्मनीचा अनुभवी येन्स वाइसफ्लोग शेवटच्या उडीत १३५.५ मीटर गेला. तरीही हाराडाला साधारण १०५ मीटर पुरे होते. पहिल्या फेरीत तो १२२ मीटर गेला होता. त्याच्या दर्जाच्या खेळाडूसाठी १०५ म्हणजे सरावातली सर्वसाधारण उडी.

तो ९७.५ मीटरवर उतरला आणि उताराच्या तळाशी डोकं धरून खाली बसला. बाकीचे तिघे धावत त्याच्याजवळ गेले. जर्मनी ९७०.१, जपान ९५६.९. फरक १३.२ गुणांचा, अंतरात मोजला तर सात मीटरच्या थोडं वर. पदक रौप्य होतं आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये रौप्य ही लहान गोष्ट नव्हे, पण त्या दिवशी जपानमध्ये कोणी ते तसं मोजलं नाही. जुना नियम असता तर ती उडी बेरजेत आलीच नसती. चौघांतली सर्वांत लहान उडी म्हणून ती आपोआप वगळली गेली असती, आणि हाराडाचं नाव इतिहासात वेगळ्या कारणाने राहिलं असतं.

आपल्याकडच्या कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो. सोबत्याने चढाईत गुण आणला की तो जिवंत होऊन आत येतो. कोकणात कबड्डी खेळलेल्या प्रत्येकाला ते बाहेर बसणं आणि ते पुन्हा आत येणं अंगातून माहीत आहे. स्की जंपिंगमध्ये सोबती आपल्याला जिवंत करू शकत नाही. पडलेली उडी कागदावर तशीच राहते. सोबती फक्त आपली भर घालू शकतात. लिलेहामरला भर घालायला कोणी उरलंच नव्हतं, कारण हाराडाची उडी शेवटची होती.

चार वर्षांनंतर हाकुबात क्रम असा होता: ओकाबे, हिरोया साइतो, हाराडा, काझुयोशी फुनाकी. निशिकाताची निवड झाली नव्हती. कासाई लहान टेकडीच्या वैयक्तिक स्पर्धेत खेळला, पण सांघिक चौघांत त्याला जागा मिळाली नाही. त्या ऑलिंपिकमध्ये हाराडाचे आधीचे दिवसही वर-खालीच गेले होते. लहान टेकडीवर पहिल्या फेरीअखेर तो पहिला होता, शेवटी पाचवा झाला. १५ फेब्रुवारीला मोठ्या टेकडीवर त्याने १३६ मीटरची उडी घेऊन कांस्य मिळवलं. त्याच दिवशी सुवर्ण जिंकणाऱ्या फुनाकीला एका उडीसाठी पाचही पंचांनी २० पैकी २० दिले. ऑलिंपिकमध्ये तसं आधी कधी झालं नव्हतं.

सतरा तारखेला सकाळपासून बर्फ पडत होता. बर्फ हा या खेळाचा आधार असला तरी उडीच्या वेळी पडणारा बर्फ वैरी असतो. घसरणीच्या चरांत ताजा भुसभुशीत बर्फ साचला की स्की अडतात आणि वेग कमी होतो. वेगात थोडी घट झाली तरी अंतरात कितीतरी मीटरांचा फरक पडतो. ओकाबे १२१.५ मीटर गेला, साइतो १३०. हाराडाची पाळी आली तेव्हा बर्फाचा जोर वाढला होता. तो ७९.५ वर उतरला. फुनाकी ११८.५. पहिल्या फेरीअखेर जपान चौथा, म्हणजे पदकांच्या बाहेर.

त्यानंतर स्पर्धा थांबली. दुसरी फेरी घ्यायची की नाही, हे परीक्षक मंडळाला ठरवायचं होतं. फेरी रद्द झाली असती तर पहिल्या फेरीचाच निकाल अंतिम ठरला असता आणि जपान चौथाच राहिला असता. निर्णयाचा आधार म्हणून चाचणी उड्या घ्यायचं ठरलं. उतार सुरक्षित आहे का, हे या उड्यांतून पाहायचं होतं. शिवाय एकामागून एक माणसं गेली की चरांतला बर्फ दाबला जातो आणि घसरण चालू राहते.

चाचणी उडी मारणारे कोण असतात, याची नोंद निकालपत्रकात नसते. हाकुबात ते २५ जण होते. त्यांत एक कर्णबधिर खेळाडू होता. एक शाळकरी मुलगी होती, ज्या काळात स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये या खेळात प्रवेशच नव्हता. तो मिळायला २०१४ उजाडलं. आणि त्यांत जिन्या निशिकाता होता, लिलेहामरला १३५ मीटर उडी मारून, हाराडामुळे सुवर्ण गमावलेला. कासाईने आपले हातमोजे आणि निशिकाताने आपला आतला शर्ट हाराडाला दिला होता, आणि हाराडा त्या दिवशी ते घालूनच उडाला.

निशिकाताच्या मनात त्या दिवशी काय काय होतं, ते त्याने पुढे स्वतः मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं. जिंकणाऱ्या संघात आपण नाही याचं दुःख त्याने लपवलं नाही. मला त्याचं हे मोकळेपण त्याच्या उडीइतकंच मोठं वाटतं. सोबत्यासाठी काही करताना मन स्वच्छच असलं पाहिजे अशी अट नसते. करणं महत्त्वाचं, आणि ते त्याने केलं. बर्फाच्या त्या माऱ्यात २५ च्या २५ जण उतारावरून गेले, एकही पडला नाही. निशिकाताने तर १२० मीटरची खूणही ओलांडली. हे पाहून परीक्षकांनी दुसरी फेरी घ्यायचं ठरवलं. २०२१ मध्ये या चाचणी खेळाडूंवर जपानमध्ये चित्रपट निघाला, तेव्हा त्यांची गोष्ट खूप लोकांना पहिल्यांदा कळली.

दुसऱ्या फेरीत ओकाबे १३७ मीटर गेला, टेकडीचा विक्रम. साइतो १२४. पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर हाराडा. तो कडेवरून सुटला आणि खाली येईचना, असं चित्रफितीत आजही दिसतं. तोही १३७ मीटरवर उतरला. अंतराचे गुण ९०.६. पहिल्या उडीत उणे १२.९, दुसरीत अधिक ९०.६. एकाच माणसाच्या, एकाच दिवशीच्या, एकाच टेकडीवरच्या दोन उड्यांत शंभराहून जास्त गुणांचं अंतर, हे या पातळीवर फार क्वचित घडतं. मग फुनाकीची पाळी. खाली उभा असलेला हाराडा रडत रडत फुनाकीचं नाव घेत होता. तो आवाज जपानी टीव्हीवर इतक्यांदा वाजला आहे की तिथली नवी पिढीही तो ओळखते. फुनाकी १२५ मीटर गेला. जपान ९३३.०, जर्मनी ८९७.४, ऑस्ट्रिया ८८१.५.

इथे थोडं थांबून हिशोब बघू. जर्मनीवर जपानची आघाडी ३५.६ गुणांची. हाराडाची दुसरी उडी १३७ ऐवजी ११७ मीटर असती, तर अंतराचेच ३६ गुण गेले असते आणि सुवर्ण जर्मनीला गेलं असतं. म्हणजे हाराडा पहिल्या उडीत बुडाला आणि सोबत्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं, अशी ही गोष्ट नाही. त्याच्या दुसऱ्या उडीशिवाय बाकी तिघांची मेहनत सोन्यापर्यंत पोचली नसती. आणि ती दुसरी उडी घ्यायची संधी त्याला मिळाली ती २५ अनामिकांमुळे.

पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. नागानोनंतर स्कीच्या लांबीचा नियम बदलला. आधी उंचीत ८० सेंटिमीटर मिळवून येणारी लांबी चालायची, नंतर ती उंचीच्या १४६ टक्क्यांवर बांधली गेली. कमी उंचीच्या खेळाडूची स्की त्यामुळे आखूड झाली आणि जपानी खेळाडूंना त्याचा फटका बसला, असं तिथे आजही मानतात. कासाई मात्र खेळतच राहिला. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये, ४१ व्या वर्षी, त्याने मोठ्या टेकडीवर वैयक्तिक रौप्य आणि संघाबरोबर कांस्य मिळवलं.

कासाई आणि ओकाबे दोघेही होक्काइदो बेटावरच्या शिमोकावा या गावचे. सोचीच्या कांस्यविजेत्या संघातला दाइकी इतोही तिथलाच. तीनेक हजार वस्तीचं हे गाव. तिथे मुलांसाठी लहान टेकड्या आहेत, मुलांचं उडी पथक आहे, आणि मोठे झालेले खेळाडू लहानांना शिकवतात. युरोपात स्लोव्हेनियाचं उदाहरण घ्या. लोकसंख्या सुमारे २१ लाख; २०११ च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचीच १६ लाखांवर होती. या देशातल्या प्लानित्सा या खोऱ्यात १९३६ मध्ये माणसाने पहिल्यांदा १०० मीटरच्या पलीकडे उडी मारली. त्याच प्लानित्सात २०२३ च्या जागतिक अजिंक्यपदात स्लोव्हेनियाच्या पुरुष संघाने सुवर्ण जिंकलं, आणि २०२५ ला ट्रोनहाइममध्ये ते टिकवलंही. एकटा अव्वल खेळाडू कुठेही निपजू शकतो. सारख्या तोलामोलाचे चौघे एका वेळी उभे करायला गावोगाव लहान टेकड्या आणि त्यांवर शिकवणारी माणसं लागतात. सांघिक स्पर्धा हेच तपासते, म्हणून मला ती वैयक्तिक स्पर्धेपेक्षा मोठी वाटते.

आता या स्पर्धेत आणखी एक बदल झाला आहे. २०२६ च्या मिलानो-कॉर्तिना ऑलिंपिकसाठी पुरुषांचा चौघांचा संघ काढून त्याजागी दोघांचा संघ आणला गेला. कमी देशांकडे चार चांगले खेळाडू असतात, दोन असणारे देश जास्त, त्यामुळे स्पर्धा खुली होते, हे त्यामागचं कारण. ते कारण खरं आहे. तरीही हा बदल मला पटत नाही. तिघांचे गुण धरण्याच्या जुन्या पद्धतीत कच्चा दुवा झाकला जायचा. दोघांच्या संघात तर तो आधीच निवडीतून गळून जाणार. चौघांच्या संघात तो दिसतो, मोजला जातो, आणि त्याला पुन्हा वर जाऊन दांड्यावर बसावं लागतं. हाकुबात घडलं ते दोघांच्या संघात घडलं नसतं. १५ फेब्रुवारीचा निकाल पाहता हाराडाची निवड झालीही असती, पण तिसऱ्या क्रमांकावर उभं राहून पुढच्याची वाट पाहणारा तो हाराडा तिथे नसता.

जागतिक अजिंक्यपदात मात्र ट्रोनहाइमला २०२५ मध्येही चौघेच उडाले. २०२७ ची स्पर्धा स्वीडनमधल्या फालुनला आहे. मोबाइलवर ती पाहायला मिळाली, तर पदकांचा तक्ता नंतर बघा. प्रत्येक संघाचा तिसरा खेळाडू वर दांड्यावर येऊन बसला की थोडं थांबा आणि त्याची उडी शेवटपर्यंत पाहा.